रिव्हेराच्या भिंतीसमोर ओतकाम विभागातले कामगार

अमेरिकेतील मोटारींचे शहर डेट्रॉइट येथल्या डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या कलासंग्रहालयात मी मार्गदर्शक आहे. येथील मधल्या दालनात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने जुलै १९३२ ते मार्च १९३३ या काळात ओल्या गिलाव्यावर रंगवलेली २७ भित्तिचित्रे आहेत. एका दुपारी मोटार कारखान्यांतील निवृत्त कामगारांना ती दाखवण्याचे काम माझ्याकडे आले.

उत्तरेच्या भिंतीवर फोर्ड मोटार कंपनीच्या रूज कारखान्यातील व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या ठोकळ्याची निर्मिती आहे. मी लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीबद्दल बोलू लागले, तोच ऐंशी ओलांडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ पुढे आले आणि वजन ओढणाऱ्या माणसांच्या रेटलेल्या पायांकडे, वाकलेल्या कमरांकडे बोट दाखवून म्हणाले, "जोर असाच लावावा लागतो, नाहीतर पाठ कायमची जाते." त्यांचे वडील रूजच्याच फाउंड्रीत, म्हणजे ओतकाम विभागात, होते. "पण काळे-गोरे असे खांद्याला खांदा लावून काम करताना वडिलांनी पाहिले नव्हते. आमच्या माणसांना फाउंड्रीबाहेर काम मिळणे कठीण होते." यंत्रे डोळ्यांत तेल घालून टिपणाऱ्या रिव्हेराने माणसे मात्र आपल्या साम्यवादी श्रद्धेप्रमाणे एकत्र आणली होती, आणि ते धाडस मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने उमगले.

मी ७ मार्च १९३२ चा प्रसंग सांगितला. बेकार कामगारांचा मोर्चा रूजच्या दारावर गेला असता पोलीस आणि कंपनीचे रक्षक यांनी गोळीबार केला, माणसे मेली, आणि पुढच्याच महिन्यात रिव्हेरा या शहरात दाखल झाला. "मग तो गोळीबार भिंतीवर का नाही? एडसेल फोर्डचे पैसे घेतले म्हणून?" एका बाईंनी विचारले. या चित्रांचा खर्च कंपनीचा अध्यक्ष एडसेल फोर्ड याने उचलला होता. वृद्ध गृहस्थांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या वडिलांनीही फोर्डचाच पगार घेतला होता आणि १९४१ साली कंपनीला युनियन मान्य करायला लावणाऱ्या संपातही ते होते. मला स्वतःला वाटते की खालच्या करड्या पट्टीत, हजेरीच्या घड्याळाशी कार्ड घेऊन उभ्या असलेल्या कामगारापासून सुरू होणाऱ्या दिवसक्रमात, रिव्हेराने आपली बाजू पुरेशी स्पष्ट केली आहे.

दक्षिणेच्या भिंतीवर मोटारीची जुळणी आहे. तयार मोटार तेथे पार मागे, ठिपक्याएवढी रंगवली आहे. जन्मभर मोटारी घडवलेल्या त्या मंडळींना ती शोधूनही सापडेना. मी दाखवली, त्यांनी ओझरती पाहिली आणि मंडळी पुन्हा पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवरच्या माणसांकडे वळली. कोणाचा हात पात्याच्या धोकादायक जवळ आहे, यावरून त्यांच्यात जोरदार वाद सुरू झाला, आणि उरलेली दालने त्या दिवशी राहूनच गेली.