एनओसीवरचा 3 आणि आमची जुनी पिकअप

एका आकड्यापायी आमचे 47 दिवस गेले. फायनान्स कंपनीच्या एनओसीवर, म्हणजे कर्ज फिटलं, आमची हरकत नाही असं लिहून देणाऱ्या कागदावर, चेसिस नंबरात 8 च्या जागी 3 छापला होता. तो दुरुस्त होईपर्यंत टोकन दिलेली गाडी मुलुंडला मालकाच्या दारात पावसात भिजत उभी, आणि इकडे आम्ही भाड्याचा टेम्पो लावून धंदा ओढतोय. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले.

भांडुपला आमचा पाण्याच्या जारचा धंदा आहे. सकाळी एलबीएस रोडवरची दुकानं आणि ऑफिसं, दुपारनंतर टेकडीवरच्या चाळी. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, जुन्या छोट्या हत्तीचं (टाटा एसचं) इंजिन बसलं. ह्यांचं म्हणणं, परत छोटा हत्तीच घेऊ. गल्लीत शिरतो, वळवायला सोपा, सव्वादोन लाखात बरा मिळतो. भाऊजींना मोठी पिकअप हवी होती. गाडी तेच चालवतात. चढावर पहिल्या गिअरमध्ये रडणारं इंजिन नऊ वर्षं त्यांनीच ऐकलंय.

आठवडाभर घरात हाच विषय. शेवटी मी भरलेला जार समोरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवला. 20 किलो 800 ग्रॅम. छोट्या हत्तीची क्षमता साधारण 750 किलो, म्हणजे 36 जार. आम्ही रोज भरत होतो 60, म्हणजे जवळजवळ साडेबाराशे किलो! क्लच प्लेट जळाली की आम्ही मिस्त्रीला बोल लावायचो. त्या बिचाऱ्याची काय चूक?

तेव्हा गाडी बघायला जायच्या आधी आपला माल काट्यावर ठेवा. मग आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, हातात घ्या. तिच्यावर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक मालासकट एकूण. एकातून दुसरं वजा केलं की गाडी किती उचलते ते कळतं. विकणारा ‘दोन टन आरामात जातं हो’ म्हणेल. रस्त्यावर अडवल्यावर आरसीवरचा आकडा धरतात, आणि ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000.

पिकअपमध्येही दोन प्रकार पुढे आले, 1.3 टन आणि 1.7 टन. आम्ही 1.3 टनवाली ठरवली. एकूण वजन 3000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि 1.7 टनाची गाडी त्या आकड्याच्या वर जाते. आम्हाला 55 ते 60 जार न्यायचेत, मग परमिटचा नवा व्याप कशाला? लायसन्सची मात्र उगाच काळजी करत होतो. भाऊजींकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स आहे. सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सांगितलंय, की 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी त्यावर चालवता येते.

ह्यांच्या समाधानासाठी दोन छोटे हत्तीही बघितले. एक वरून चकाचक, नवा रंग मारलेला. भाऊजींनी खाली वाकून चेसिसला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापडासारखे पापुद्रे हातात आले. गाडी भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहत होती. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं झिरपून लोखंड खाल्लेलं. मुंबईत जुनी मालाची गाडी घेताना आधी तिने काय वाहिलंय ते विचारा आणि हौद्यातलं रबर उचलून बघा. दुसऱ्या गाडीला मागे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवलेले होते. मूळ पाट्यांपेक्षा जास्त पाटे दिसले, की ती गाडी वजनाखाली पिचलेली समजायची.

मुलुंडची पिकअप मात्र पहिल्याच नजरेत आवडली. नोव्हेंबर 2017 ची, एमएच-03 पासिंग, पाटे मूळचे, मालक एकच. त्यांनी सव्वाचार लाख सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गाडीला 8 वर्षं पूर्ण होणार, त्यानंतर फिटनेस तपासणी दोन वर्षांऐवजी दर वर्षी आणि शिवाय पर्यावरण कर, हे मी त्यांच्यापुढे मांडलं आणि चार लाखांवर आणलं. आषाढी एकादशीला, 6 जुलैला, 20,000 टोकन दिलं.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच होता. मालकदादा म्हणाले, “कर्ज 2021 लाच फिटलंय ताई, एनओसी पण आहे.” होती खरी, पण तीन महिन्यांची मुदत कधीच संपलेली. कर्ज फिटलं म्हणजे सगळं झालं असं त्यांना वाटलं, आणि चार वर्षं तो कागद कपाटात पडून राहिला. त्यांनी आठवड्याभरात नवी एनओसी आणली. मी खूष. आरटीओची कामं करणारा एजंट दुसऱ्याच दिवशी कागद परत घेऊन आला, चेसिस नंबर जुळत नाही म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही मुलुंडला गेलो. धो धो पाऊस. पुढच्या चाकाजवळ चेसिसवर नंबर ठोकलेला असतो, त्यावर मातीचा थर. भाऊजींनी रॉकेलच्या फडक्याने तो पुसून काढला, कोरडा कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासली. मी एका हातात छत्री, दुसऱ्यात टॉर्च. सतरा अक्षरं-आकडे एकेक करून कागदावर उमटले. बाराव्या जागी आला तो 8. दोन्ही गोल पूर्ण, शंकेला जागाच नाही. आरसीवर 8, जुन्या एनओसीवर 8. नव्या एनओसीवर 3.

मला वाटलं, आता काय, उद्या जाऊन दुरुस्त करून घेऊ. मुलुंडची शाखा बंद झालेली, ठाण्याला जावं लागलं. पहिल्या फेरीत ऐकलं, “सिस्टीममध्ये जे आहे तेच छापून येतं.” मग सिस्टीममध्ये दुरुस्त करा ना! त्यासाठी कर्जदार स्वतः हवा. मालकदादा शिफ्ट ड्युटीवर. त्यांनी रजा टाकली, दुसरी फेरी झाली. “हेड ऑफिसला कळवलंय, आठ दिवसांत फोन येईल.” फोन आला नाही. तिसऱ्या फेरीला आधीची मॅडम रजेवर आणि नव्या माणसाला प्रकरणच माहीत नाही, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी मात्र कहर झाला. तो माणूस म्हणाला, “आरसीच चुकीची असेल, आरटीओतून बदलून आणा.” चेसिसचा ठसा त्याच्या टेबलावर समोर पडलेला! मी तिथे आवाज चढवला आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. बाहेर आल्यावर मालकदादांवरही चिडले. त्यांचा यात काहीच दोष नव्हता. ते माझ्यासाठी दुसऱ्यांदा रजा टाकून आले होते. दुसऱ्या दिवशी फोन करून मी त्यांची माफी मागितली.

भाड्याचा टेम्पो दिवसाला 1,800 रुपये खात होता. ह्यांनी एकदा विचारलं, टोकन सोडून देऊया का? मी नाही म्हटलं.

उपयोग झाला तो लेखी तक्रारीचा, आणि ती मी पहिल्याच फेरीनंतर करायला हवी होती. आरसी, शोरूमचं मूळ बिल, जुनी एनओसी, पेन्सिलचा ठसा असे चार कागद एकाच पीडीएफमध्ये घातले आणि चारही ठिकाणी त्या आकड्याभोवती लाल गोल केला. मालकदादांच्या मेलवरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. कर्ज त्यांच्या नावावर, म्हणून तक्रारही त्यांच्याच नावाने. अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तक्रारीचा नंबर मागून घेतला. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना मोठ्या फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर तिथे फुकट ऑनलाइन तक्रार करता येते. तीस दिवस भरत आले तेव्हा, 18 ऑगस्टला, आम्ही दुसरा मेल टाकला. त्यात तक्रारीचा नंबर, पहिल्या मेलची तारीख आणि एकच ओळ, आता लोकपालाकडे जात आहोत. 22 तारखेला दुरुस्त एनओसी मालकदादांच्या हातात होती. दीड महिना जे होत नव्हतं ते चार दिवसांत झालं.

मी तो नंबर बोट ठेवून तीनदा वाचला, मग ह्यांना वाचायला दिला.

पुढचं भराभर झालं. बोजा उतरवायला फॉर्म 35, नावावर करायला 29 आणि 30. उरलेले पैसे मी बोजा उतरल्याचं स्वतः बघितल्यावरच दिले. यावर कितीही गोड बोलून कोणी घाई केली तरी ऐकू नका. आणि एनओसी हातात आली की तिथेच उभ्या उभ्या चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. गौरी आल्या त्या दिवशी गाडी दारात आली.

गल्लीचं ह्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. टेकडीवरच्या दोन चाळींपर्यंत पिकअप जात नाही. तिथे खालच्या वळणावर गाडी लावून हातगाडीने जार नेतो, वीस मिनिटं जास्त जातात. पण चढाला इंजिन कुरकुरत नाही, आणि वजन पाळून छोट्या हत्तीला ज्या कामाला दोन खेपा लागल्या असत्या ते आता एका खेपेत होतं.

एक सांगायचं राहिलं. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. आणि मालकाच्या नावावर थकलेली ई-चलानं टोकन द्यायच्या आधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर बघून घ्या. आमच्या गाडीवर तीन निघाली होती. ती मालकदादांनी न सांगता भरली.