आज कोणाला काय कळलं? वही तिसरी, पान 41 ते 58

मालिका बघताना नोंदी करायची माझी एक वही आहे. शेवटी तिचे रकाने कमी केले. पहिल्या वहीत सात होते: ट्रॅक म्हणजे कथेचा धागा, हुक म्हणजे भाग संपताना ताणलेली उत्सुकता, पार्श्वसंगीत, झूम किती वेळा, दाराआडून कोण ऐकतंय, साड्या आणि शेरा. भाग बघायचा की हिशेब लिहायचा, अशी गत व्हायची. आता तारीख, मालिका आणि एकच प्रश्न: आज कोणाला काय कळलं?

साड्यांचा रकाना काढला तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जरा खट्टू झाल्या. तो त्याच भरायच्या. आणि खरं सांगायचं तर त्या रकान्यानं मला बरंच शिकवलं. ‘सोम, मोरपंखी. मंगळ, मोरपंखी. बुध, मोरपंखी.’ म्हणजे इकडे आमचं तीन दिवसांचं दूध येऊन संपलं, पण त्या घरात अजून तीच संध्याकाळ चाललीये. मालिकेत किती दिवस गेले ते बघायचं असेल तर संवाद ऐकू नका, कपडे बघा.

नव्या रकान्याचं कारण साधं आहे. आठवड्याला सहा भाग धरले तरी वर्षाचे 312 होतात. एवढ्यांना पुरतील इतक्या घटना कुठल्याच घरात घडत नाहीत. मग लेखक एक गुपित घेतात आणि ते पुरवून पुरवून वापरतात, अचानक पाहुणे आल्यावर आमटी वाढवावी तसं. गंमत अशी की आपल्याला ते गुपित सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं. आपण रोज बसतो ते ‘काय होणार’ म्हणून नाही, ‘यांना कधी कळणार’ म्हणून. त्यामुळे माझ्यापुरती भागाची परीक्षा एवढीच: कोणाला तरी काहीतरी नवीन कळलं का, आणि कळल्यावर त्या माणसाचं वागणं बदललं का? लांबलचक महाएपिसोड आणि दोन मालिका एकत्र आणणारे महासंगम गेले उडत.

पान 44 नमुना म्हणून सांगते. मालिकेचं नाव घेत नाही. नायिकेच्या पर्समधून एक पाकीट निघालं. आत रिपोर्ट. मग घरातल्या चार जणांचे चेहरे, प्रत्येकी तीनदा, दर वेळी तोच धडाम आवाज. आई मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आता बेल वाजणार.” बेल नाही वाजली, फोन वाजला. पाकीट सोफ्याच्या उशीखाली गेलं आणि ‘पुढील भागात’ सुरू झालं. त्या दिवशीच्या रकान्यात मी लिहिलंय: ‘कोणालाच काही नाही. उशीला कळलं असल्यास कल्पना नाही.’ आई अर्ध्या मार्कानं हुकल्या, ते वेगळं लिहिलंय.

आता ‘ठरलं तर मग’. 5 डिसेंबर 2022 ला सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे त्या वेळेला कुकरसुद्धा लावत नाहीत, शिट्टीत संवाद जातो. सायली हीच किल्लेदारांची हरवलेली मुलगी, खरी तन्वी, हे आपल्याला आधीपासून माहीत. प्रिया तन्वी म्हणून मिरवत होती, हेही माहीत. त्या गुपितावरचे जुने भाग मी पुन्हा पाहिले आणि वहीत त्यांना फार मार्क पडले नाहीत. अगदी ओठांवर आलेलं सत्य कोणाच्या तरी चक्कर येण्यानं मागे फिरतं, तेव्हा माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. पण सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंवरचा खुनाचा खटला! ते भाग सलग बघितले आणि फरक कळला. कोर्टात माणसाला उत्तर द्यावंच लागतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर “नंतर बोलू” म्हणून स्वयंपाकघरात निघून जाता येत नाही. त्यामुळे दर दोन-तीन भागांनी कोणाला तरी काहीतरी कळतंच, आणि समोरच्या वकिलाला त्यावर काहीतरी करावंच लागतं. 2025 मध्ये निकाल लागून मधुभाऊ सुटले, त्या आठवड्यात रकाना रोज भरला.

माझे चुलत दीर ठाण्याच्या कोर्टात वकिली करतात. सायलीचा वकील नवरा अर्जुन रात्री पुरावा शोधून सकाळी न्यायाधीशांपुढे ठेवतो ते बघून ते सोफ्यावर आडवे होऊन हसतात. “वहिनी, आमच्याकडे तारीख मिळायलाच तुमच्या मालिकेचं एक पर्व जातं.” हसू देत. तपशील चुकीचा असला तरी रचना बरोबर आहे, असं माझं मत. आईंना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या मते खटला म्हणजे सायली आणि अर्जुनच्या मधे आणलेली अडगळ, आणि त्या दोघांच्या कॉन्ट्रॅक्ट मॅरेजचं गुपित हेच खरं कथानक. सायली झालेल्या जुई गडकरीला त्या तिच्या आधीच्या ‘पुढचं पाऊल’ मालिकेपासून ‘आपली कल्याणी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्याकडून निःपक्षपाती मताची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

पान 47 जवळजवळ कोरं आहे. याच मालिकेत पूर्णा आजी झालेल्या ज्योती चांदेकर गेल्या ती 16 ऑगस्ट 2025 ची तारीख आणि खाली आईंच्या अक्षरात ‘पूर्णा आजी’ एवढंच. पुढे रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत आल्या. त्यांच्या वकुबाबद्दल मी काय बोलणार, पण पहिले काही दिवस आई त्यांच्या प्रवेशाला पाणी प्यायला उठायच्या. मग एका संध्याकाळी उठल्या नाहीत. मी तारीख लिहून ठेवायला हवी होती, राहिली.

सकाळच्या गाडीत ‘देवमाणूस’चं पहिलं पर्व पुन्हा चाललंय. ठाणे ते वाशी, ट्रान्स-हार्बरला बसायला मिळालं तर जाहिराती वगळून बरोबर एक भाग होतो. ऐरोलीपर्यंत आदल्या दिवशीचं, घणसोली-कोपरखैरण्याला मुख्य प्रसंग, हुक तुर्भ्याला. ही मालिका ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा मी रात्री साडेदहाला दिवा लावून बघायचे. आता भीती गेली आणि बांधणी दिसायला लागली. डॉक्टर खुनी आहे हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक. मग गावाला इतके महिने कळत कसं नाही? इथे फोन वाजवून वेळ मारून नेलेली नाही. गावाला डॉक्टर हवाय. रात्री-अपरात्री येणारा, गोड बोलणारा, पैशांसाठी अडून न बसणारा डॉक्टर मिळालाय, तर त्याच्यावर संशय घेणं परवडणार कोणाला? त्यांचं न कळणं त्यांच्या गरजेतून आलंय. डॉक्टर झालेल्या किरण गायकवाडचं मंद हसणं सगळ्यांना आठवतं, पण मला या खेपेला त्याच्यापुढे हात जोडणारी माणसंच जास्त दिसली. रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो, तरी भाग कंटाळवाणा होत नाही. म्हणजे माझ्या परीक्षेत खोट आहे. रकान्याशेजारी बारीक अक्षरात ‘नाही कळलं, तर का?’ असं जोडलंय. झाले पुन्हा चार रकाने.

‘रात्रीस खेळ चाले’बद्दल थोडक्यात, कारण त्यावर मागच्या वहीत भरपूर झालंय. 2016 च्या पहिल्या भागाची सुरुवातच कुटुंबप्रमुख अण्णांच्या मरणानं, आणि 2019 चं दुसरं पर्व मागे जाऊन अण्णांना जिवंत उभं करतं. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असताना अण्णा झालेले माधव अभ्यंकर आणि शेवंता झालेली अपूर्वा नेमळेकर यांनी लोकांना बांधून ठेवलं, यातच काय ते आलं. मात्र त्यातल्या पांडू गड्याचं काय करायचं हा प्रश्न आहे. त्याला सगळं कळतं आणि लगेच “इसरलंय”. अशा माणसाची नोंद कळलं मध्ये करायची की नाही कळलं मध्ये? सध्या पेन्सिलीनं लिहिते आणि खोडते.

एक सूचना, नव्यानं वही धरणाऱ्यांसाठी: प्रोमो बघून नोंद करू नका. प्रोमोत थोबाडीत बसते, भागात ते स्वप्न निघतं. मी दोनदा फसलेय. आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की आधीच्या नोंदी दुरुस्त करायचा मोह आवरा. पहिला नंबर आला म्हणून मागच्या मंगळवारचं पाकीट उघडलं जात नाही.

पान 59 पासून ‘असंभव’ घेतेय. 2007 ची, सतीश राजवाडेंनी दिग्दर्शित केलेली, पुनर्जन्माची. तेव्हा माझी दहावी होती आणि घरी केबल काढून टाकलेली, त्यामुळे माझ्यासाठी ती कोरी आहे. आईंनी मात्र नौपाड्यातल्या जुन्या घरी एकही भाग न चुकवता पाहिली होती. शेवट सांगू नका, असं मी बजावलंय. सांगत नाहीत. पण परवा पहिला भाग लागला तेव्हा नीलम शिर्केचा चेहरा पडद्यावर आला आणि आई मेथीच्या काड्या बाजूला सारत स्वतःशीच हसल्या. मी “काय झालं?” विचारलं, तर म्हणाल्या, “काही नाही गं, तू बघ.”