प्रोजेक्टर आला, पण वर्ग जागा झाला तो कांद्यामुळे

निफाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. कला शाखेतली बरीच मुलं दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून आलेली. वर्गात प्रोजेक्टर बसला, मागणीचे वक्र रंगीत झाले. सुरुवातीला मजा वाटली. पुढे अंधार आणि पंख्याचा वारा, मागचे बाक निवांत.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. मी पडद्यावर फक्त ती बातमी लावली आणि विचारलं, "हा मागणीतला संकोच की ऱ्हास?" भाव वाढल्यामुळे मागणी घटली तर संकोच, दुसऱ्या कारणाने घटली तर ऱ्हास; बोर्डाच्या पेपरात इथे भलेभले गडबडतात. एरवी तोंड न उघडणारा एक जण म्हणाला, "सर, बांगलादेशचं गिऱ्हाईकच उठून गेलं. भाव वाढला म्हणून नाही गेलं. म्हणजे ऱ्हासच ना!" ऱ्हासात मागणीचा वक्र डावीकडे सरकतो, हे सांगायची वेळच आली नाही.

मग घरच्या हिशोबपट्ट्या वर्गात येऊ लागल्या. मागणीच्या लवचीकतेसाठी, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो हे दाखवायला, फळ्यावर सोपे आकडे घेतले: 100 क्विंटल 2000 रुपयांनी, म्हणजे दोन लाख. आवक वाढून 110 क्विंटल खपवायचे, तर भाव 1400, हातात 1,54,000. माल दहा टक्के जास्त खपला, भाव तीस टक्के पडला, लवचीकता 0.33. "स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही," हे मात्र पोरांनीच सांगितलं.

पण बाजारपेठेतल्या, शेती नसलेल्या घरच्या मुलींना कांद्याचा कंटाळा. त्यांच्यासाठी जुलै 2024 मधली रिचार्जची दरवाढ घेतली. कोणी बीएसएनएलकडे गेलं, कोणी घरातलं दुसरं कार्ड बंद केलं. पर्यायी वस्तूंवर इतकी चर्चा पुस्तकातल्या चहा-कॉफीने कधी झाली नव्हती.

आणखी एक गोष्ट या खटाटोपात कळली. 'विषयात रस नाही' असा शिक्का बसलेली काही मुलं अडली होती शेकडेवारीपाशी. त्यांना तास सुटल्यावर नुसती टक्केवारी करायला बसवलं. माझ्या मते चकचकीत व्हिडिओपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. पुढे तीच मुलं गणितं सोडवायला फळ्यापाशी येऊ लागली.

निर्देशांकाचा, म्हणजे भाव आधीच्या तुलनेत किती बदलले ते मोजण्याचा, धडा अजून दाद देत नाही. घरून किराण्याची जुनी यादी आणायला सांगितली, तर याद्या मिळतात, त्यावर भाव लिहिलेले नसतात.