काय म्हणालास?

एका मोटरसायकलवरून दोघं मित्र लांब निघाले की घरच्यांना वाटतं, काय गप्पा झोडत असतील! पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी, एवढ्या प्रवासात आमचं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य होतं, 'काय म्हणालास?' काटा पन्नासच्या पुढे गेला की हेल्मेटात वारा असा घुमतो, की मागच्याचे नुसते स्वर तेवढे पुढे पोचतात. व्यंजनं घाटात सांडतात.

माणगावच्या अलीकडे तो ओरडला, "भारी चाललीय!" मला बरं वाटलं. गाडीचं कौतुक कोणाला नको? मी अजून थोडी पिळली. प्रत्यक्षात तो "बॅग चाललीय!" म्हणत होता. थांबून पाहिलं तर बॅग एका हुकावर लोंबत होती, कोपरा रस्त्यावर घासून फाटलेला, आणि त्याची एक स्लीपर कायमची ताम्हिणीला अर्पण.

मग खुणा ठरल्या. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, दोन्ही खांद्यांवर म्हणजे चहा. एक खूण न ठरवताच कळली: हेल्मेटवर मागून टक्, टक्, संथ लयीत. स्वारी पेंगतेय. की लगेच गाडी बाजूला.

खरी शांतता बागमांडल्याला. सावित्रीच्या खाडीत फेरीबोटीवर गाडी चढवली, गिअरमध्ये टाकून स्टँडला लावली, इंजिन बंद. कान मात्र गुणगुणतच होते. वेसवी येईपर्यंत बोलायला निवांत वेळ, आणि दोघंही गप्प! तो पाण्याकडे बघतोय, मी चेनकडे. (मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातला तो रेवस-रेड्डी सागरी महामार्ग अजून खाड्यांपाशी तुटतो, म्हणून या बोटी. सगळीकडे पूल झाले की आम्ही गप्प कुठे बसायचं, कोण जाणे.)

वेसवीचा चढ लागला आणि मागून सूर सुरू झाला. थाप नाही, ओरडणं नाही, एकसुरी बोलणं. केळशी गेली, आंजर्ल्याचा पूल गेला, तरी चालूच. मी मधूनमधून "हं" म्हणत होतो. एकदा 'बाबा' ऐकू आलं, एकदा 'गेल्या वर्षी'. मी वेग कमी केला, तसा तो थांबला.

दाभोळला वाशिष्ठी ओलांडायची होती. २००३ पासून इथे बोट आहे, नाहीतर पार चिपळूणचा वळसा. गाड्या चढेपर्यंत मी विचारलं, "मघाशी काय सांगत होतास रे?"

तो धक्क्याजवळच्या जुन्या मशिदीच्या घुमटाकडे बघत म्हणाला, "कुठे काय? रस्त्याबद्दल."

धोपाव्याला उतरलो. गुहागरचा फाटा येईतो काही नाही. मग हळूच मागून पुन्हा सुरू झालं. मी हेल्मेटची काच खाली ओढली.