पाठभेदांचं गाव

हायवे ३९५ सोडून आत वळलं की शेवटचे पाचेक किलोमीटर डांबरच नाही. गाडी इतकी खडखडते की आपोआप गप्प बसावं लागतं. मग उघड्याबोडक्या माळावर, ८,३७९ फुटांवर, एकदम लाकडी घरं दिसायला लागतात. हे बोडी. कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणींचं ओस गाव. सॅक्रामेंटोत राहायला आल्यापासून इथे यायचं ठरत होतं, ते यंदा जमलं.

दुकानाच्या काचेला नाक लावून, हाताचा आडोसा करून आत पाहिलं. फळ्यांवर डबे तसेच मांडलेले, त्यांवर धुळीचा थर. शाळेत बाकं आहेत, पृथ्वीचा गोलही आहे. भिंतींची भोकं पत्र्याचे डबे ठोकून, चपटे करून बुजवलेली. १९६२ पासून हे सरकारी उद्यान आहे. इथला नियम असा, की घर पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही.

वस्तू इतक्या जपल्यात, पण गोष्टी? विचाराल तिचे दोन पाठ. सुरुवात नावापासून. १८५९ मध्ये इथे सोनं सापडलं ते डब्ल्यू. एस. बोडी या माणसाला. त्यातला ‘डब्ल्यू’ कुणी वॉटरमन सांगतं, कुणी वेकमन, कुणी विल्यम. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग ‘ई-वाय’, गावाचं ‘आय-ई’. पाटी रंगवणारा चुकला म्हणतात. कुणी म्हणतं, उच्चार बिघडू नये म्हणून मुद्दाम बदललं. देवनागरीत लिहिलं असतं तर भांडणच नव्हतं!

भरभराटीच्या काळात इथे दहा हजार वस्ती होती, असं सगळे सांगतात. १८८० च्या जनगणनेत मात्र तेवढी डोकी भरत नाहीत. सलून म्हणे ६५ होती. (सलून म्हणजे दारूचे गुत्ते, केस कापायची नव्हेत.) इथे यायला निघालेल्या एका लहान मुलीनं प्रार्थनेत म्हटलं, “गुडबाय गॉड, आय ॲम गोइंग टू बोडी.” त्यावर बोडीच्या संपादकाचा खुलासा: ती म्हणाली होती, “गुड, बाय गॉड, आय ॲम गोइंग टू बोडी!” स्वल्पविराम सरकवून गावाची अब्रू वाचवणारा हा माणूस मला फार आवडला.

मूळ बोडीला स्वतः यातलं काही बघायला मिळालं नाही. सोनं सापडलं त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात गेला. वीस वर्षांनी अस्थी शोधून गावानं त्या दफनभूमीत पुरल्या, त्याच्यासाठी स्मारकही घडवायला घेतलं. तेवढ्यात, १८८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली आणि दगडावर नाव कोरलं गेलं गारफिल्ड यांचं. ते अजून तिथे उभं आहे. बोडीच्या थडग्यावर खूण नाही. त्या दगडापाशी मी बराच वेळ रेंगाळले. नवरा गाडीत हॉर्न वाजवत होता.

इथून खडासुद्धा उचलला तर शाप लागतो म्हणतात. लोक चोरलेल्या वस्तू माफीची पत्रं लिहून परत पाठवतात. चोऱ्या थांबाव्यात म्हणून ही भुमका रेंजरनंच उठवली, असाही पाठ आहेच, आणि मला तोच पटतो.

घरी आल्यावर बुटाच्या तळव्यात रुतलेला एक गंजका खिळा निघाला. पाकीट आणलंय. पत्रात काय लिहावं, ते सुचत नाहीये.