मांसाहारी नक्की कोण?

जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबोली गाठली ती एका भेकासाठी, पण आधी भेटला भलताच प्राणी. रात्री नऊच्या सुमारास कौलांवर धप्पकन आवाज झाला. टॉर्च मारला तर परसातल्या फणसावर काळसर अंग, लांब शेपूट आणि चकाकणारे डोळे. जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकी आतूनच म्हणाल्या, "कांडेचोर तो. फणस पिकलो की येतलोच."

कांडेचोर म्हणजे उदमांजर. तो पसार झाल्यावरही झाडाखाली आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास रेंगाळत होता.

जेवून आम्ही दोघं मित्र सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गेलो. पहिला पाऊस होऊन गेलेला, जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलेलं, जेमतेम बोटभर खोल. मी पाय टाकणार तोच मित्राने दंड धरला. बुटाच्या पुढ्यातच ते बसलं होतं: अंगठ्याच्या पेराएवढं, खरबरीत, आणि कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. आंबोली टोड! 2009 साली शास्त्राला नव्याने ओळख झाली तेव्हा या पट्ट्यांवरूनच त्याला 'टायगेरिना' नाव मिळालं. नाव वाघाचं, जीव एवढासा, आणि तो खरोखरच मांसाहारी. किडा दिसला की जीभ बाहेर!

उलट आमचा फणसचोर प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात मांसभक्षी गणातला. त्याच सड्यावर एका उंचवट्यावर त्याची विष्ठा सापडली. काडीने उकलली तर सगळ्या भेरली माडाच्या बिया. उंदीर, किडे तोही खातो म्हणा, पण फळांपुढे बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं.

म्हणूनच तो कुठेही निभावतो. जंगल गेलं तर बाग, बाग नाही तर माळा. भारतापासून इंडोनेशियापर्यंत त्याचा वावर. या भेकाला मात्र असला उघडा कातळ आणि पहिल्या सरींचं हे उथळ पाणीच हवं. तेही आंबोलीच्या आसपासच. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे भेक 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्यात वीण ऐन भरात असते तेव्हाच पावसाळी पर्यटकांच्या गाड्या घाट चढू लागतात. त्यात आमचीही एक होतीच.

परतताना डांबरावर एक चपटं झालेलं भेक दिसलं. कुठल्या जातीचं, ओळखूही येईना. मग मित्राने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मी टॉर्च घेऊन पुढे चालू लागलो. घरापर्यंत तसंच. काकी पडवीत उभ्याच होत्या.

"गाडी बंद पडली काय?"