कोणते पुस्तक घेऊ, असे तुम्ही विचारलेत म्हणून

लातूर, उदगीर, निलंगा आणि कधीकधी परभणीहूनही मुले-मुली मला भेटायला येतात. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग संपवून ती एखाद्या इंटरनेट पुरवठादाराकडे कामाला लागलेली असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, राउटिंगच्या परीक्षेसाठी कोणते पुस्तक घेऊ?" राउटिंग म्हणजे नेटवर्कमधल्या माहितीची वाट ठरवणे, आणि बहुतेकांच्या मनात नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची 300-410 क्रमांकाची परीक्षा असते, जिला आम्ही 'एनार्सी' म्हणतो. ती आणि 350-401 ही मुख्य परीक्षा अशा दोन्ही उत्तीर्ण झाल्यावर सीसीएनपी एंटरप्राइझ हे सिस्कोचे प्रमाणपत्र पदरात पडते.

माझे उत्तर ऐकून त्यांची थोडी निराशा होते, कारण मी पुस्तकाचे नाव सांगत नाही. सिस्कोच्या संकेतस्थळावर या परीक्षेची विषयसूची फुकट मिळते. ती झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर छापून आणा आणि प्रत्येक ओळीचा केवळ पहिला शब्द वाचा, असे मी सांगतो. काही ओळी 'डिस्क्राइब' या शब्दाने सुरू होतात, काही 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' या शब्दांनी, आणि राउटिंगच्या बहुतेक ओळी 'ट्रबलशूट'ने. कोणत्या विषयासाठी कोणते साहित्य लागेल, हे त्या क्रियापदावरून ठरते. एमपीएलएस या, लेबल लावून पाकिटे पुढे पाठवण्याच्या तंत्रापुढे फक्त 'डिस्क्राइब' लिहिलेले आहे, म्हणजे त्याचे कार्य समजले की पुरे. त्यासाठी एखादे चांगले प्रकरण किंवा तासाभराचा व्हिडिओ भागवून नेतो, आणि त्याची प्रयोगशाळा उभारण्यात महिना घालवणारा मुलगा मेहनती असला तरी वाट चुकलेला असतो. डीएमव्हीपीएन, म्हणजे शाखांना इंटरनेटवरून जोडणारे खासगी जाळे, स्वतः उभारून, चालते की नाही ते तपासता आले पाहिजे. ओएसपीएफ, ईआयजीआरपी आणि बीजीपी या, राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या पद्धती मात्र बिघडलेल्या अवस्थेत तुमच्यासमोर येणार आहेत, आणि बिघाड व्हिडिओ पाहून शिकता येत नाही.

म्हणून ज्यांना पुस्तक विकत घ्यायचेच आहे, त्यांना मी एका पानावरून पुस्तक पारखायला शिकवतो. दोन राउटर जोडून दोन्हींवर ओएसपीएफ चालू करा, एका बाजूच्या इंटरफेसवर आयपी एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) 1400 करा, दुसरी बाजू 1500 वरच राहू द्या आणि ओएसपीएफ नव्याने सुरू करा. साधा पिंग (पोहोच तपासणारा संदेश) व्यवस्थित जातो, हॅलो पाकिटेही पोहोचतात आणि दोघे एकमेकांना ओळखतात. पण शेजाऱ्यांची यादी पाहिली तर एकीकडे 'एक्सस्टार्ट' आणि दुसरीकडे 'एक्सचेंज' अशी अवस्था अडकून पडलेली दिसते, थोड्या वेळाने संबंध तुटतो आणि तेच रहाटगाडगे पुन्हा सुरू होते. याचे कारण असे की हॅलो पाकिटात एमटीयूचा उल्लेखच नसतो. तो त्यानंतरच्या डेटाबेस डिस्क्रिप्शन पाकिटात असतो, आणि त्यातला आकडा आपल्याला झेपण्यापेक्षा मोठा असेल तर घेणारा राउटर ते पाकीट नाकारतो. तुमच्या हातातल्या पुस्तकात हे कारण दिले आहे का, ते पाहा. 'एमटीयू-इग्नोर' ही आज्ञा द्या म्हणजे झाले, एवढेच सांगून जे पुस्तक पुढे जाते ते खुशाल फडताळात परत ठेवा. मूळ नियम वाचायचा असेल तर 1998 सालचा आरएफसी 2328 हा ओएसपीएफचा मूळ दस्तऐवज फुकट उपलब्ध आहे, त्याच्या 10.6 या विभागात हे मोजक्या शब्दांत सांगितले आहे. त्याची भाषा रुक्ष आहे, पण फसवी नाही.

सरावासाठी पॅकेट ट्रेसर हे आभासी नेटवर्कचे सॉफ्टवेअर सीसीएनए या, सीसीएनपीच्या खालच्या पायरीच्या परीक्षेपर्यंत उत्तम आहे. त्यापुढे त्याच्या आज्ञा अपुऱ्या पडतात, तेव्हा सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, जीएनएस3 किंवा ईव्ह-एनजी यांपैकी काहीही चालेल. ऑनलाइन भाड्याच्या लॅबपेक्षा आपल्या लॅपटॉपवर चालणारी लॅब मला बरी वाटते, कारण आमच्याकडे वीज गेली की आधी वायफाय जाते, आणि लॅपटॉपमधले चार राउटर मात्र बॅटरी असेपर्यंत बिनबोभाट चालू राहतात.

आता डम्पविषयी, म्हणजे परीक्षेतले खरे प्रश्न म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांविषयी, लिहिणे भाग आहे. दहावी-बारावीला लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याची सवय असते, आणि ती सवय वाईट नाही. बोर्डाचे जुने पेपर उघडपणे मिळतात. सिस्को आपले प्रश्न प्रसिद्ध करत नाही, आणि परीक्षार्थी ते बाहेर न सांगण्याचा करार मान्य करूनच परीक्षेला बसतो. त्यामुळे 'ओरिजिनल प्रश्न' म्हणून विकली जाणारी पीडीएफ एकतर चोरीची असते किंवा बनावट. त्यातली उत्तरेही पुष्कळदा चुकीची असतात, आणि प्रकार उघड झाला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. सराव परीक्षा अवश्य घ्या, पण प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचे कारण देणारीच घ्या. दीड तासाच्या या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळे घड्याळ लावून सराव करणे एवढ्यासाठीसुद्धा उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकांबाबत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. 2020 साली सीसीएनएची तयारी करताना एका क्लासने मला झेरॉक्स नोट्सचा जाड गठ्ठा दिला होता आणि मी त्यातल्या ईआयजीआरपीवर तीन आठवडे घालवले. 24 फेब्रुवारी 2020 पासून लागू झालेल्या 200-301 या परीक्षेतून तो विषय वगळलेला होता, हे मला विषयसूची पाहिल्यावर कळले. क्लासमध्ये ती कोणी उघडलीच नव्हती. त्याच दिवसापासून 300-101 ही जुनी राउटिंगची परीक्षाही इतिहासजमा झाली, तरी तो क्रमांक मुखपृष्ठावर मिरवणारी पुस्तके आजही सेकंडहँड मिळतात. ती अगदीच टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ओएसपीएफ आणि बीजीपी यांचे मूळ वागणे तेच राहिले आहे, त्यामुळे निम्म्या किमतीत मिळाले तर असे पुस्तक त्या प्रकरणांसाठी घ्या, फक्त छापून आणलेली विषयसूची शेजारी ठेवा आणि जी प्रकरणे तिच्यात नाहीत त्यांची पाने पहिल्याच दिवशी स्टेपल करून टाका. माझ्याकडे तसे एक पुस्तक आहे. हवे असेल तर येऊन घेऊन जा, पाने आधीच स्टेपल केलेली आहेत.